एका खिलतीपायी

सीताबर्डीच्या बाजारातून आपण रोज जातो. शेजारच्या टेकड्यांवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांचे राज्य पणाला लागले होते. ही लढाई मला रणांगणाआधी दरबारातच सुरू झालेली दिसते.

देवगावच्या तहात (१८०३) कटक व वऱ्हाड गमावल्यावर दुसरे रघूजी इंग्रजांपासून अंतर राखून राहिले. तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत नाकारली. १८१६ मध्ये ते वारले. गादीवर दुर्बळ परसोजी आले. कारभार आप्पासाहेबांकडे गेला. दरबारातील विरोधकांवर मात करण्यासाठी त्यांना इंग्रजांचा आधार हवा होता. २७ मे १८१६ रोजी त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. तटस्थ राहण्याचा हक्क वस्तुतः तेथेच संपला. कंपनीचा शत्रू तो आता नागपूरचाही शत्रू!

फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला. संशय आप्पासाहेबांवर होता, आणि राजेही तेच झाले. अशा राजाला घराण्याच्या ‘सेनासाहेबसुभा’ या किताबाची निकड अधिकच. परंतु पुण्याहून त्याची खिलत येईतो ५ नोव्हेंबरला खडकीवर पेशवे व इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले होते. दरबाराच्या दृष्टीने खिलत म्हणजे वडिलोपार्जित रीत. रेसिडेंट जेंकिन्सच्या दृष्टीने शत्रूशी केलेली शपथ. आप्पासाहेबांचा पेशव्यांशी गुप्त पत्रव्यवहार होता, तेव्हा जेंकिन्सचा संशय निराधार नव्हता. तरी खिलत परत करणारा राजा आपल्या सरदारांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहिला असता?

जेंकिन्सने हरकत घेतली. २४ तारखेला आप्पासाहेबांनी खिलत जाहीरपणे स्वीकारली. लगेच तेलंखेडीची इंग्रज पलटण सीताबर्डीच्या टेकड्यांवर आली. भोसल्यांची फौजही सरसावली. दोघांच्याही लेखी तो बचावच! २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी अरबांनी लहान टेकडी घेतली. पण ती टिकली नाही.

१९१४ मध्ये जर्मनीने वाट मागितली तेव्हा बेल्जियमला निदान ‘नाही’ म्हणता आले. नागपूरने ते उत्तर १८१६ मध्येच गहाण टाकले होते.

१६ डिसेंबरला आप्पासाहेब शरण आले. पुढे पदच्युत होऊन कैदेतून निसटले व १८४० मध्ये जोधपूरला वारले. १८२६ च्या तहात साताऱ्याशी व इतर मराठी सत्तांशी कोणताही संबंध उरला नाही, असे इंग्रजांनी नव्या राजाकडून लिहून घेतले.