लग्नाच्या कॅसेटवर कात्री चालवण्यापूर्वी

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी... आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जुन्या घराचे लोखंडी कपाट उघडले, तर वरच्या कप्प्यात दोन-चार काळ्या व्हीएचएस कॅसेट हमखास सापडतात. कुणाचे लग्न, कुणाची मुंज, कुणाचा साठीचा सोहळा. साधारण १९८५ ते २००५ या वीस वर्षांत आपल्याकडचे घरगुती समारंभ या फितीवरच साठवले गेले. त्यात दिसणारी कितीतरी माणसे आज नाहीत. त्यांचा चालता-बोलता अवशेष म्हणजे ही फीतच.

ही फीत वाचवायची कशी, असे मला नेहमी विचारतात. त्यातही एक प्रश्न ठरलेला असतो: "आमच्याकडे संगणक नाही, किंवा आहे पण जमत नाही. एका यंत्रात भरून, नको तो भाग कापून डिस्क तयार करता येईल का?" येते. त्या यंत्राचे नाव डीव्हीडी रेकॉर्डर. मात्र घाई करायला हवी. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि कॅसेट चालवणारी नवी यंत्रे संपली. डीव्हीडी रेकॉर्डरही आता बहुधा जुन्या बाजारातच मिळतो. म्हणून तो पारखून घेणे आले.

आधी त्याचे काम समजून घेऊ. व्हीसीआरमधून पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरने चित्र व आवाज रेकॉर्डरमध्ये जातो. रेकॉर्डर त्याचे अंकांत रूपांतर करून डिस्कवर लिहितो. काही स्वस्त संगणकी जोडण्यांत आवाज आणि ओठ यांची चुकामूक होते; या यंत्रात ती सहसा होत नाही.

रेकॉर्डर तीन प्रकारचे असत. पहिला फक्त डिस्कवर लिहिणारा. दुसरा एकाच पेटीत व्हीसीआर आणि डिस्क असणारा, वापरायला सोपा. तिसरा पोटात हार्ड डिस्क असलेला. कापाकापी करायची असेल, तर माझे मत तिसऱ्याला. कारण साधे आहे. डीव्हीडी-आर डिस्कवर एकदा लिहिले की ते पुसून जागा परत मिळत नाही. हार्ड डिस्कवर मात्र सगळी कॅसेट आधी उतरवावी, शांतपणे नको तो भाग काढावा, प्रकरणांच्या खुणा घालाव्यात आणि मग तयार झालेले डिस्कवर उतरवावे. हे उतरवणे 'हाय स्पीड'ने झाले, तर चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही.

आता एक बारकावा, जो दुकानदार सहसा सांगत नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. जागा वाचवण्यासाठी डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण लिहिले जात नाही. साधारण १२ ते १५ चित्रांच्या गटात पहिले चित्र पूर्ण असते; पुढच्यांत फक्त काय बदलले, एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे काही यंत्रे गटाच्या सीमेवरच कापतात. तुम्ही बटण एका ठिकाणी दाबता आणि कात्री अर्धा सेकंद मागे-पुढे चालते. अर्धा सेकंद म्हणजे किती? 'सावधान'मधला 'धान' गिळण्याइतका!

यावर उपाय आहे. अनेक यंत्रांत 'व्हिडिओ मोड' आणि 'व्हीआर मोड' असे दोन पर्याय असतात. व्हीआरमध्ये नेमके कापता येते, पण ती डिस्क साध्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. व्हिडिओ मोडची डिस्क जवळजवळ सगळीकडे चालते, पण तिथे वरचा अर्ध्या सेकंदाचा घोळ राहतो. नातेवाइकांना डिस्क द्यायची असेल, तर व्हिडिओ मोड घ्यावा आणि कापताना शब्दाच्या दोन्ही बाजूंना सेकंदभर मोकळे सोडावे.

दुसरा मोह वेळेचा. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर एक्सपी गतीने एक तास मावतो, एसपीने दोन, एलपीने चार आणि ईपीने सहा किंवा त्याहून अधिक. एका डिस्कमध्ये सगळे लग्न बसवण्याच्या नादात लोक एलपी निवडतात आणि अक्षता पडताना पडद्यावर चौकोन-चौकोन दिसू लागतात. तीन तासांची कॅसेट असेल, तर एसपीने दोन डिस्क कराव्यात. डिस्कचा खर्च थोडा, चेहऱ्यांचे मोल मोठे.

जुने यंत्र विकत घेताना स्वतःची एक कॅसेट आणि एक कोरी डिस्क घेऊन जावे. पाच मिनिटे भरावे, मधले एक मिनिट कापावे, डिस्कवर उतरवून 'फायनलाइज' करावे आणि ती दुसऱ्याच प्लेअरवर लावून पाहावी. जुन्या यंत्राचा लेझर थकलेला असला, तर तो इथेच पकडला जातो. रिमोट मूळचाच आहे ना, हेही पाहावे. कापण्याची बहुतेक बटणे रिमोटवरच असतात. अमेरिकेतून आलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी जपून. तिथली पद्धत एनटीएससी आणि वीज १२० व्होल्टची. आपली पाल आणि २३० व्होल्टची. बाजारातल्या चित्रपटांच्या कॅसेटवर नक्कल रोखणारा संकेत असतो. तो दिसताच यंत्र भरायचे थांबते. कधीकधी झिजलेली घरगुती फीतही यंत्राला तशीच वाटते. तेव्हा दुसऱ्या व्हीसीआरवर लावून पाहावी.

आपल्या हवेचाही विचार करा. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून तसे काही दिसले, तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. ती हेड खराब करते आणि पुढच्या कॅसेटलाही बाधते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. डिस्क लिहिली जात असताना वीज गेली, तर डिस्क वाया जाते. म्हणून छोटा यूपीएस जोडावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: कापायचे काय? छायाचित्रकाराने टाकलेली चित्रपटगीते, फिरणारी फुले, हृदयाच्या आकारातले चेहरे कापायला कुणाची हरकत नसते. पण पंगतीचे लांबलेले चित्रण आपल्याला आज कंटाळवाणे वाटते आणि तिथेच कोपऱ्यात आजी वऱ्हाडीत वाढप्याला दटावत असते. नातवाला उद्या तेच पाहायचे असेल. म्हणून माझा नियम एकच. पहिली प्रत अख्खी, एकही क्षण न कापता. दुसरी प्रत कापलेली, पाहुण्यांना दाखवायला.

एक उदाहरण देतो. सेवाग्रामच्या बापूंवर ए. के. चेट्टियार या तमिळ माणसाने देशोदेशींचे चित्रण गोळा करून १९४० मध्ये माहितीपट केला. जमलेल्या हजारो फूट फितीतून त्यांनी निवड केली. पुढे तो मूळ तमिळ चित्रपट दिसेनासा झाला. कित्येक दशकांनी हाती लागली ती अमेरिकेतली, नव्याने कापून बेतलेली इंग्रजी प्रत. एवढ्या मोठ्या माणसावरच्या चित्रपटाची ही गत, तर आपल्या घरच्या एकुलत्या एक कॅसेटचे काय?

डिस्क म्हणजेही अमरपट्टा नव्हे. ती तयार झाली की संगणकावर उतरवून एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी, दुसरी दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. यंत्र मिळालेच नाही, तर हे काम करून देणाऱ्या दुकानात द्यावे. पण अख्खी, मोठ्या आकाराची फाइल मागावी आणि मूळ कॅसेट आठवणीने परत घ्यावी. घरात वडीलधारे आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून पाहावे आणि कोण कोण दिसते, त्यांची नावे वहीत लिहून घ्यावीत. डिस्कवर चेहरे राहतील, नावे मात्र त्यांनाच ठाऊक आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)