पाबळची कार्यशाळा आणि गावातली गिऱ्हाइकं

पुणे जिल्ह्यातलं पाबळ बहुतेकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. शिरूर तालुक्यातल्या या कमी पावसाच्या पट्ट्यात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग राहायला आले. इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. होती, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वर्षं गेली होती, वय पंचावन्नाच्या घरात. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून त्यांनी इथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. नाव ऐकून कुणाला भजन-कीर्तन आठवेल, पण इथे ग्राइंडरचा आवाज असतो. माणूस काम करता करता शिकतो, तर मग शिक्षणही तसंच द्यावं, आणि त्यासाठी गावासारखी प्रयोगशाळा दुसरी नाही, हे त्यांचं म्हणणं.

आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम म्हणजे मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका. सगळे ‘डीबीआरटी’च म्हणतात. एक वर्षाचा, निवासी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता असलेला. दहावीला अडखळलेली मुलंही इथे येतात. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. विद्यार्थी चारही विभागांतून फिरतो. आयटीआयमध्ये पोरगा फिटर होतो नाहीतर वायरमन, एकच ट्रेड धरून बाहेर पडतो, आणि कारखान्याला तसाच माणूस हवा असतो. पण दोन-तीन हजार वस्तीच्या गावात नुसत्या वेल्डिंगवर महिना निघत नाही. आज फाटक, उद्या कुणाच्या मोटरचं वायरिंग, परवा गोठ्याचं छप्पर, असं मिळून पोट भरतं. म्हणून चारही विभाग.

पण विभागांपेक्षा महत्त्वाचं आहे ते काम कुठून येतं. सरावासाठी केलेला नमुना मास्तरांनी तपासून भंगारात टाकायचा, अशी रीत बऱ्याच ठिकाणी असते. इथे शक्य तिथे खरं काम घेतात, ज्याला गिऱ्हाईक आहे. समजा कुणाला शेताच्या वाटेवर लोखंडी फाटक हवंय. पोरं जाऊन माप घेतात. परत येऊन अंदाजपत्रक: अँगल किती किलो, वेल्डिंगचे रॉड किती, वीज, यंत्राची झीज, रंग, मजुरी. यंत्राची झीज हमखास विसरली जाते आणि मग ‘नफा’ झाल्यासारखा वाटतो. हा हिशेब मांडल्याशिवाय प्रात्यक्षिक पूर्ण धरत नाहीत, आणि माझ्या मते आख्ख्या अभ्यासक्रमातली सर्वात कामाची सवय हीच.

मग चौकट. चार तुकडे जमिनीवर मांडायचे, कोपऱ्याला गुण्या लावायचा आणि आधी नुसते टाके मारायचे. एकदम पूर्ण वेल्डिंग केलं की निवताना धातू आकसतो आणि चौकट ओढली जाते. टाके मारल्यावर टेपने दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर काटकोन बरोबर. एक लांब भरला तर त्या बाजूने ठोकून पुन्हा मोजायचं. आयताचे कर्ण समान असतात हे भूमितीच्या पुस्तकात असतंच, पण तिथे चुकलं तर एक गुण जातो. इथे फाटक खांबाला लागत नाही, आणि मालक समोर उभा असतो.

‘पाबळ डोम’ म्हणून ओळखला जाणारा घुमट ही याच रीतीची पुढची पायरी. किल्लारीच्या भूकंपानंतर अशा हलक्या बांधकामाचं मोल लोकांना कळलं. त्रिकोणाच्या बाजू पक्क्या केल्या की त्याचा आकार बदलत नाही, चौकोनाचा बदलतो. म्हणून आख्खा सांगाडा त्रिकोणांचा. अशा घुमटाचा एक साधा प्रकार घेतला तर त्यात ६५ पट्ट्या लागतात, आणि त्या दोनच लांब्यांच्या: ३० आखूड, ३५ लांब. त्रिज्या २ मीटर असेल तर आखूड पट्टी सुमारे १.०९ मीटर आणि लांब १.२४ मीटर. मोजायचं ते पट्टीच्या टोकांमध्ये नव्हे, बोल्टच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. फरक चौदा-पंधरा सेंटीमीटरचा, ढिगातून उचलताना नजरेला कळत नाही. तेव्हा दोन रंग देऊन ठेवावेत हे बरं. सहा सांधे असे की तिथे पाचच पट्ट्या येतात, आणि त्या पाचही आखूड. एक जरी अदलाबदल झाली तरी तिथल्या तिथे बोल्ट बसतो, कारण सांधे अजून सैल असतात. घोटाळा कळतो वरच्या शेवटच्या पट्टीला, ती पोचतच नाही म्हणून. सांगाडा उभा राहिला की जाळी आणि सिमेंटचा गिलावा. आतून भिंतींना सरळ बाजू नसल्याने कपाट ठेवायची पंचाईत, ती आहेच.

हे सगळं एका आश्रमापुरतं राहिलं असतं तर त्याचं कौतुक करून विषय मिटला असता. पण सुरुवातीपासूनच आश्रमाने हीच कामं साध्या माध्यमिक शाळांत नेली. आठवी ते दहावी, आठवड्यातला साधारण एक दिवस. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, म्हणजे आयबीटी. राज्य मंडळानेही त्याला विषय म्हणून मान्यता दिली. शिकवायला गावातलाच हात चालणारा माणूस, कधी आश्रमातूनच शिकून गेलेला. मुलं गावाला सेवा देतात: माती तपासणं, रक्तगट आणि हिमोग्लोबिन पाहणं, शाळेच्या बाकांची वेल्डिंगने डागडुजी. जिथे पैसे घेणं रास्त तिथे घेतात. फुकट केलेल्या कामाला कुणी नावं ठेवत नाही, आणि नावं ठेवल्याशिवाय काम सुधारत नाही.

२००२ साली एमआयटीच्या (पुण्यातल्या नव्हे, अमेरिकेतल्या) नील गेर्शनफेल्ड यांच्या प्रयत्नातून पाबळमध्ये फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. संगणकावर चालणारी कटिंगची यंत्रं आली, पण रीत बदलली नाही: अडचण गावातली, तोडगा इथे करून पाहायचा. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

अडतं कुठे, तर शाळांत. वेल्डिंग मशीन चालवायला वीज लागते, रॉड संपले की विकत आणावे लागतात, आणि दहावीचं वर्ष आलं की पालक म्हणतात, ‘हे काय हमालीचं शिकवता, गणित घ्या जास्तीचं.’ ज्या मुख्याध्यापकांना गणिताचा तास आणि फाटकाचे कर्ण एकत्र दिसतात तिथे आयबीटी टिकतं. बाकी ठिकाणी शिकवणारा सोडून जाणं किंवा त्याचं मानधन थकणं, एवढ्यावर अवजारांच्या खोलीला कुलूप लागतं, आणि किल्ली कुणाकडे आहे हे वर्षभराने शिपायालाही सांगता येत नाही.