शेवगा फुलला, कॅमेरा काढा!

वसंतपंचमी झाली, सकाळची थंडी जराशी सैल पडली, की परसातला शेवगा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. आपण मनाशी शेंगांचा हिशेब करू लागतो. पण शेंगांआधी त्या झाडावर दुसरीच गिऱ्हाइकं येतात. मैत्रिणींनो, यंदा जरा तिकडे लक्ष द्या. पक्ष्यांचे फोटो काढायला माघ-फाल्गुनासारखे दिवस नाहीत. काटेसावर, पळस, पांगारा पानं टाकून फुललेले असतात, त्यामुळे पक्षी पानांआड लपत नाही. शिवाय विणीचा काळ जवळ आलेला. नर नव्या पिसांत, गळा मोकळा सोडून, उघड्यावर येऊन बसतात.

“आमच्याकडे कुठला आलाय मोठा कॅमेरा!” असं म्हणू नका. लांब भिंगाचा असला तर उत्तमच, पण मोबाईलवरही काम भागतं. पक्षी बुजतो तो माणसाच्या हालचालीला, खिडकीला नाही. स्वयंपाकघरातला दिवा मालवा, मोबाईल काचेला अगदी टेकवून धरा, म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येणार नाही. आवाज बंद ठेवा. आणि चित्र ओढून ओढून मोठं करू नका, नुसतं फुटतं. पक्षी लहान आला तर येऊ द्या. फुलांच्या फांदीसकट तो जास्तच शोभतो.

शेवग्यावर हमखास येणारा म्हणजे शिंजीर. आपल्या अंगठ्याएवढा जीव! एरवी मादीसारखाच फिकट दिसणारा नर या दिवसांत गडद निळाजांभळा होतो; पण ऊन अंगावर पडलं तरच, नाहीतर नुसता काळा. म्हणून सूर्य आपल्या पाठीमागे हवा. त्याच्यामागे कॅमेरा फिरवत बसलात तर हाती रिकाम्या फांद्याच लागतील. त्यापेक्षा एक फुलांचा घोस धरून थांबा. तो तिथे परत येतो.

तांबट त्या मानाने शहाणा. तांबटआळीत हातोडी चालावी तसा त्याचा टुक् टुक् आवाज आला, की झाडाचा वठलेला शेंडा बघा. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर नि गळ्याखाली लाल. सकाळच्या उन्हात बराच वेळ बसतो, मुलांचे डबे भरून झाल्यावरही सापडेल! दयाळ मात्र उजाडतानाच गातो, आपण दूध तापवत असतो तेव्हा. तो काळापांढरा, कोतवाल तर सगळाच काळा. अशा पक्ष्यांचा फोटोत नुसता डाग होतो. बहुतेक मोबाईलांत पडद्यावर पक्ष्याला बोट लावून ते वर सरकवलं, की उजेड वाढतो. डोळा दिसला, की फोटो जमला.

गच्चीवर मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा, जवळ एक वाळकी फांदी रोवा. पक्षी आधी फांदीवर बसतो, मग पाण्यावर उतरतो. तीच आपली संधी. पाणी रोज बदला, डास होतात. आणि परळ कुंड्यांच्या दाटीत नको, मांजर दबा धरतं.

आता एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगणार आहे. बुलबुल पुष्कळदा आपल्या बाल्कनीतल्या वेलातच घरटं करतो. मग घरादाराला हौस येते. पानं बाजूला सारून, दिवा पाडून अंड्यांचे फोटो निघतात, शेजारपाजारचे बघायला येतात. अशाने घरटं उघडं पडतं, कावळ्याला दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. घाबरून आईबापही घरटं सोडतात. चांगला फोटो म्हणून मी तरी याला मान देणार नाही. अंडी घातल्यापासून पिलं उडेपर्यंत जेमतेम चार आठवडे लागतात. तेवढे दिवस पाणी घालायचं ते रोज एकाच वेळी, लगबगीने, आणि पोरांना दारातूनच बघायला लावायचं. चोचीत अळी घेऊन कठड्यावर बसलेली आई खोलीतूनही छान टिपता येते.

पिलं उडाली, की रिकाम्या घरट्याचे हवे तितक्या जवळून फोटो घ्या. बारीक मुळं आणि काटक्या कोळ्याच्या जाळ्याने कशा बांधल्यात, ते तेव्हाच नीट दिसतं.