संमोहनवाल्याला सुपारी देण्याआधी

जयंती मंडळाची बैठक बसली की एक प्रश्न हमखास निघतो. मिरवणूक आहे, व्याख्यान आहे, भीमगीतांचा कार्यक्रम आहे. पण लहानथोर सगळेच बसून राहतील असं एखाद्या संध्याकाळी काय ठेवायचं? मग कोणीतरी मोबाइल पुढे करतो. स्टेजवर दहा-बारा जण माना टाकून झोपलेले, एकजण चप्पल कानाला लावून फोनवर बोलतोय, दुसरा कच्चा कांदा सफरचंद म्हणून खातोय. बैठक पोट धरून हसते आणि वर्गणीतून संमोहनवाल्याची बिदागी काढायचं ठरतं.

आमच्या वस्तीतही दोन वर्षांपूर्वी असंच ठरलं. विसार देताना आम्ही फक्त तीन गोष्टी विचारल्या: पैसे किती, वेळ किती, माइक कोणाचा. बाकी काही विचारायचं असतं हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

प्रयोग रंगला. शेवटी त्या गृहस्थाने स्टेजवरच्या सात जणांना सांगितलं, तुम्ही थिएटरात बसलाय, समोर विनोदी सिनेमा चाललाय. सगळे हसू लागले. मग म्हणाला, आता सिनेमा दुःखाचा झाला. सहा जणांनी डोळे पुसल्यासारखं केलं. सातवी आमच्याच गल्लीतली, धुणीभांडी करून घर चालवणारी बाई. तिचा लहान मुलगा आदल्या वर्षी तापाने गेला होता. ती रडायला लागली आणि तिचं रडणं थांबेना. लोकांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. खाली हशा, वर मोठ्याने संगीत. टाळी वाजवून "जागे व्हा" म्हटल्यावर बाकीचे उठून खाली आले, ती मात्र थरथरत तिथंच बसून राहिली. त्या गृहस्थाला पुढच्या गावाला जायचं होतं. अर्ध्या तासात त्याची गाडी निघूनही गेली.

रात्री गल्लीत कुजबुज सुरू झाली की हिच्या अंगात आलं. विहारापासून शंभर पावलांवर, आपल्याच माणसांच्या तोंडी हे शब्द. एका नातेवाइकाने तर देवऋषीचं नावही काढलं. आमच्या वस्तीतल्या आशाताई धावून आल्या, रात्रभर तिच्याजवळ बसल्या आणि सकाळी तिला सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेल्या. मुलगा गेल्यापासून ती एकदाही मोकळेपणी रडली नव्हती. आत दाबून ठेवलेलं भर स्टेजवर बाहेर आलं. सावरायला तिला चार-पाच महिने लागले. हे आम्ही तिला विचारून लिहितो आहोत.

आता या विद्येबद्दल. संमोहनात माणूस खरा झोपत नाही. डोळे मिटलेले असतात, पण मेंदू जागा असतो आणि कानावर सगळं पडत असतं. लक्ष एका जागी गोळा होतं आणि समोरच्याची सूचना पटकन मनात उतरते. सगळ्यांना हे सारखं जमत नाही. दहांत एखाद-दुसराच त्यात चटकन आणि खोल जातो. म्हणून प्रयोगवाला सुरुवातीला सगळ्यांना हाताची बोटं एकमेकांत गुंतवायला लावतो आणि "आता सुटणार नाहीत" असं सांगतो. ज्यांची खरंच अडकतात त्यांनाच तो वर बोलावतो. वर आलेल्यांतूनही ज्यांना जमत नाही त्यांना हळूच खाली पाठवतो. उरतात ते निवडलेले. त्यात समोर हजार माणसं, कानठळ्या बसवणारा आवाज आणि शेजारच्याने टाकलेली मान. "मला काही होत नाही" असं अशा वेळी म्हणायला मोठा धीर लागतो. त्यामुळे काहीजण नुसतेच साथ देतात. पण जो खरोखर आत गेलेला असतो, त्याला होणारा त्रासही खरा असतो.

करणाऱ्याच्या डोळ्यांत किंवा हातात कसलीही शक्ती नसते. दोनशे वर्षांपूर्वी हे ठासून सांगणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्यातला. आबे फारिया 1756 साली कांदोळी गावात जन्मले आणि 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करू लागले. करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखा अदृश्य प्रवाह निघतो, असं मेस्मर नावाच्या वैद्याचे अनुयायी तेव्हा मानत. फारिया म्हणाले, असा प्रवाहबिवाह काही नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. हात पसरलेले फारिया आणि त्यांच्यापुढे कोसळणारी बाई. गंमत अशी की तो पुतळा पाहून माणसाचा नेमका उलटा समज होतो.

ब्रिटनमध्ये 1952 पासून स्टेजवरच्या संमोहनासाठी कायदा आहे. 18 वर्षांखालच्या मुलांवर असा प्रयोग करायला तिथे बंदी आहे. 1996 मध्ये तिथल्या गृहखात्याने नमुना अटीही काढल्या. मानसिक आजार झालेल्यांनी, गरोदर बायांनी आणि दारू प्यालेल्यांनी वर येऊ नये, हे प्रयोगवाल्याने आधीच गंभीरपणे सांगायचं. माणसाला त्याच्या बालपणात परत न्यायचं नाही. दिलेल्या सगळ्या सूचना कार्यक्रम संपण्याआधी काढून टाकायच्या. कार्यक्रमानंतर किमान अर्धा तास तिथेच थांबायचं. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या गृहस्थाची निघून गेलेली गाडी आठवली. या अटी आपल्या मंडळानेही घालाव्यात. विसाराच्या पावतीवर चार ओळी लिहून सही घेतली की काम झालं.

त्यात आमची थोडी भर. ज्याला मिरगी आहे, हृदयाचा त्रास आहे, ज्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, त्याला वर सोडू नका. ज्या घरात वर्षभरात मयत झाली आहे त्या घरच्या माणसालाही नको. माणूस दोन खुर्च्यांवर फळीसारखा आडवा ठेवून त्याच्या पोटावर उभं राहण्याचा प्रयोग तर साफ नाकारा. कोणताही धडधाकट माणूस काही क्षण तसा ताठ राहू शकतो, त्याला संमोहन लागत नाही. पण पाठीचा कणा दुखावला तर हमाली-मजुरी करणाऱ्याचं घर बसतं. आणि शुद्धीवर येताना कोणी रडलं, थरथरलं तर संगीत बंद करा, माणसाला खाली आणा, पाणी द्या, ओळखीची बाई किंवा बापा जवळ बसवा.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त सलते. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाचा माणूस वस्तीत कार्डं वाटत फिरला. दारू सोडवू, मुलांची स्मरणशक्ती वाढवू, तीन बैठकांचे तीन हजार. चार घरांनी पैसे दिले. काही प्रशिक्षित डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ दुखणं किंवा चिंता कमी करण्यासाठी संमोहनाची मदत घेतात, पण ते रुग्णाला तपासून, त्याच्या इतर उपचारांसोबत. कार्डावरची दारूमुक्ती मात्र धोक्याची. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. ती सोडवायची डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन. त्या चार घरांतला एकजण तिसऱ्या दिवशी फिट येऊन पडला. वेळेवर रुग्णालयात नेला म्हणून वाचला.

मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्री-बेरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं. भूत उतरवतो म्हणून कोणी मारहाण केली, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

यंदाच्या बैठकीत संमोहनाचा विषय पुन्हा निघाला. आमच्यातले दोघं म्हणाले, ही कटकटच नको, एकांकिका ठेवू. पोरं हट्टाला पेटली. तेव्हा मागे बसलेली तीच बाई उठली आणि म्हणाली, "ठेवा की. पर वर कोन चढतंय त्याची यादी अगुदर माझ्याकडं द्या. कुनाच्या घरात काय झालंय ते मला ठावं हाय." वहीत तसं लिहिलं आहे. स्टेजच्या पायरीशी ती आणि आशाताई बसणार आहेत.