कापूस राहिला, काम गेले

कारखाने परदेशी गेले, अशी ओरड अलीकडे अमेरिकेत ऐकू येते. वऱ्हाडाला ही व्यथा फार जुनी आहे. १८५३ साली हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तेव्हा येथे कापसाबरोबर सूत कातणारे व कापड विणणारे हातही होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी १८६९ मध्ये आपला हेतू लपविला नाही : रेल्वेचा फाटा झाला की स्वस्त विलायती कापड येथे उतरेल, येथे सूत होणारा कापूस निर्यात होईल आणि रिकामे झालेले विणकर शेतमजुरीस मिळतील. बेकारी हा या धोरणाचा दुष्परिणाम नव्हे, तर एक लाभच मानला गेला! पुढे मूर्तिजापूर-अचलपूरच्या अरुंद रुळांवरून गाठी मुंबई बंदराकडे निघाल्या.

गाठ विकली की शेतकऱ्याचा हिशेब संपतो. सूत, विणाई, रंगाई, शिलाई या पायऱ्यांवरची मजुरी ज्या गावी पडते, तेथील किराणा दुकानही तिच्यावर चालते. बांगलादेशात कापूस नावापुरताच पिकतो, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो आघाडीवर आहे. भारत त्याला कापूस व सूत विकतो. अचलपुरात ही मजुरी गिरणीच्या रूपाने काही काळ परतली होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या तेथील फिनले मिलची यंत्रे मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली.