नादारीचा अर्ज करण्याआधी

बचत गटाच्या बैठकीत आम्हाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, कर्ज फिटतच नाही. कोर्टात दिवाळं जाहीर करून मोकळं होता येतं का हो?"

येतं, पण सगळ्यातून नाही आणि फुकटात नाही. कायद्यात याला नादारी म्हणतात. गावाकडे त्यासाठी १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदा लागतो. २०१६ च्या नव्या कायद्यात अगदी गरीब कर्जदारासाठी सोपी वाट लिहिली आहे, पण तो भाग तुमच्या-आमच्यासारख्यांना अजून लागू झालेला नाही. तेव्हा "नव्या योजनेत कर्ज माफ करून देतो" म्हणत कुणी फी मागितली, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. त्यात कुणाचं किती देणं आहे आणि आपल्याकडे काय काय आहे, हे सगळं लिहावं लागतं. नादार ठरलात की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि ती विकून देणेकऱ्यांना वाटली जाते. अंगावरचे गरजेचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारं, त्यासाठी लागणारी जनावरं, बियाणं आणि शेतकऱ्याचं राहतं घर सहसा वाचतं. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्रासारखा, त्यालाही हात लावता येत नाही. मात्र जे गहाण टाकलंय, त्यावरचा सावकाराचा किंवा बँकेचा हक्क तसाच राहतो. आणि अर्जाआधी घाईनं जमीन दिराच्या नावावर करून ठेवलीत, तर दोन वर्षांच्या आतला असा व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं.

आता गटातल्या बायकांनी नीट ऐका. शेवटी कोर्टानं तुम्हाला मुक्त केलं, तरी तुमच्या जामीनदार आणि तुमच्याबरोबर सही केलेल्या बायका सुटत नाहीत. तुमचा हप्ता त्यांच्या दारात जातो. आमच्या मते, अर्ज करायचा की नाही हे ठरवताना सगळ्यात आधी याचाच विचार व्हावा, आणि तो त्या बायकांना समोर बसवून व्हावा. सरकारी देणं, फसवणूक करून घेतलेलं कर्ज आणि कोर्टानं ठरवलेली पोटगीही नादारीनं सुटत नाही.

शिवाय मुक्त होईपर्यंत ग्रामपंचायतीत निवडून येता येत नाही. आणि आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा जास्त उधार घेतले, तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा जुना, म्हणून आकडाही पन्नासचाच राहिलाय. आज तेवढ्यात किराण्याची पिशवीही भरत नाही.

पुष्कळ जणी अर्जाचा विचार करतात त्या भीतीपोटी. म्हणून हेही ऐका. पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. नवऱ्याच्या कर्जावर तुमची सही नसेल, तर तो गेल्यावर त्याच्याकडून जेवढी मालमत्ता तुमच्याकडे आली, तेवढ्यापुरतंच ते तुमच्याकडून वसूल होतं. मायक्रोफायनान्सच्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे. धमकी आणि शिवीगाळ तर कधीच चालत नाही. सावकाराकडे परवाना नसेल, तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते.

बँकेत जाऊन हप्ते लांबवून मिळतात का, हे आधी विचारा. तरी मार्ग निघाला नाही, तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००. जाताना कर्जाची पासबुकं, हप्त्यांच्या पावत्या, सातबारा, आलेल्या नोटिसा आणि कुणाकुणाचे हातउसने घेतलेत त्याची यादी बरोबर न्या. सावकाराच्या चिठ्ठ्याही, चुरगळलेल्या असल्या तरी.