फाल्गुन वद्यातला कोकणकिनारा

कोकणात जाणारे बहुतेक जण मुंबई-गोवा महामार्ग धरतात आणि आपल्या गावाचा फाटा आला की पश्चिमेला वळतात. गाव गाठले जाते, पण किनारा सलग दिसत नाही. एक बंदर आणि पुढचे बंदर यांचे नाते, एका खाडीच्या दोन काठांवरची बदलणारी बोली, एकाच आरमाराचे ओळीने उभे असलेले किल्ले हे सारे कळायचे तर समुद्राला उजवीकडे ठेवून उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे लागते. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग त्यासाठीच आहे. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून या रस्त्याची चर्चा चालू आहे आणि अजूनही तो पूर्ण झालेला नाही. मोठ्या खाड्यांवर पूल जाहीर झालेत, काहींची कामे चालू आहेत. तोवर गाडी जंगलजेट्टी नावाच्या फेरीबोटीवर चढवून पलीकडे जायचे.

या प्रवासाला वसंतासारखा काळ नाही. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, डिसेंबरात किनारे गर्दीने भरतात आणि मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो. फाल्गुनात पळस-पांगारा फुललेला असतो, सुरंगीचे गजरे बाजारात येतात, ओले काजूगर मिळू लागतात आणि आंब्याच्या पहिल्या पेट्या भरल्या जातात. मात्र तारखा नुसत्या रजेकडे बघून ठरवू नका, तिथी बघा. किनाऱ्यावरची निम्मी ठिकाणे भरती-ओहोटीवर चालतात आणि भरती-ओहोटी चंद्रावर.

कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराचे तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण दिवस आखायला एवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची ये-जा कमी होते.

हे धरून माझी शिफारस अशी की फाल्गुन वद्य चतुर्थीला अलिबागेत असावे आणि पाडव्याची गुढी मालवण-वेंगुर्ल्याकडे पाहावी. होळीला आलेले चाकरमानी तोवर परतू लागलेले असतात, खोल्या मिळतात आणि शिमगा मात्र संपलेला नसतो. बऱ्याच गावांत होळी पेटल्यानंतर देवाची पालखी घरोघर फिरते, काही ठिकाणी थेट पाडव्यापर्यंत. एवढी रजा नसेल तर रत्नागिरीला थांबा आणि उरलेला किनारा पुढच्या वर्षी करा. चार दिवसांत रेवस ते रेडी उरकणे म्हणजे गाडी चालवणे झाले, प्रवास नव्हे.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत गाडी घालावी. 2020 पासून ती सोय आहे. चतुर्थीला सकाळी नऊच्या ओहोटीत अलिबागचा कुलाबा किल्ला पायी गाठता येतो. 1729 मध्ये कान्होजी आंग्रे वारले ते इथेच, त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. पुढे रेवदंड्याच्या वाटेवर आक्षीचा शिलालेख आहे. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला हा लेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. याच किनाऱ्यावर पुढे दिवेआगर लागते, तिथला ताम्रपट 1060 चा. आपल्या भाषेच्या लेखनाचे हे दोन आरंभबिंदू एका सागरी रस्त्यावर आहेत आणि बहुतेक गाड्या आक्षीला न थांबता पुढे जातात याचे मला फार वाईट वाटते.

रेवदंड्याला मात्र निवांत वेळ काढा. शेजारच्या चौलसह हे प्राचीन बंदर. पोर्तुगिजांचा कोट इतका विस्तीर्ण आहे की आजचा रस्ता त्याच्या दरवाजातून जातो आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले वाडीतून डोके काढून उभे दिसतात. त्याआधी, 1469 च्या सुमारास, व्होल्गाकाठच्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वीची, जवळजवळ तीस वर्षे आधीची ही गोष्ट. 1740 मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज गेले, पण खाडीपलीकडच्या कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज भाषेपासून घडलेली बोली अजून बोलली जाते. कोर्लईच्या किल्ल्यावरून खाडीचे मुख आणि रेवदंडा दोन्ही दिसतात. बंदरासाठी एवढी झुंज का झाली, ते तिथे उभे राहिले की समजते.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. सकाळी निघा. या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि होडी हेलकावते. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला होता. समोर कांसा बेटावर जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. दोन्ही एका नजरेत येतात, आणि ते तसेच पाहायला हवेत. एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

आगरदांड्याहून जेट्टीने दिघी, मग दिवेआगर आणि श्रीवर्धन. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. गावाची रोठा सुपारीही तितकीच नावाजलेली. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कड्याखालून, खडकांवरून जाते. ती ओहोटीतच करायची. षष्ठीला ही ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमारास येते; पण तिथीच्या हिशोबावर विसंबू नका, देवळात विचारून मगच उतरा. इथे लाटांनी माणसे ओढून नेली आहेत.

बागमांडल्याहून जेट्टीने वेश्वीला उतरले की वेळास जवळ. नाना फडणविसांचे मूळ गाव हे, पण वसंतात लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली इथे घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी अंडी खणून नेली जात. आज तेच गावकरी घरट्यांची राखण करतात आणि पाहुण्यांना घरात उतरवून घेतात. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला सुमारे पन्नास दिवस लागतात, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ महत्त्वाचा. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उघडली जाते. कधी पिल्ले असतात, कधी नसतात. म्हणून वेळासला दोन रात्री राहा. आणि कुठल्याच किनाऱ्यावर गाडी वाळूत घालू नका. चाकाखाली घरटे आहे की नाही, हे वरून कळत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले चार याच किनाऱ्यावर आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आणि देवगडच्या उत्तरेचा विजयदुर्ग ही जोडी लक्षपूर्वक पाहा. 1755 मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्याच वर्षी विजयदुर्गाच्या बंदरात कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. दोन्ही वेळा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. मराठ्यांच्या समुद्रावरच्या सत्तेचा कणा मोडला तो इथे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाभोळला निकितीन पुन्हा भेटतो; मायदेशी परतण्यासाठी तो याच बंदरातून जहाजात बसला. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे वैभवशाली शहर जाळले. आज धक्क्याजवळची सतराव्या शतकातली काळ्या दगडाची मशीद त्या थाटाची थोडी कल्पना देते. धोपाव्याची जेट्टी पकडली की चिपळूणचा वळसा वाचतो आणि काही मिनिटांत गुहागर तालुका सुरू होतो.

शिमगा पाहायचा तर इथेच रेंगाळावे. खेळे, संकासुर आणि पालखी नाचवणारे गावकरी रस्त्यात भेटतील. गाडी बाजूला लावा, चपला काढा, ओटी भरायची असेल तर नारळ सोबत ठेवा. देव त्या वेळी घराघरात माहेरवाशिणींना, म्हाताऱ्यांना भेटायला निघालेला असतो. आपण तिथे पाहुणे आहोत. विचारल्याशिवाय कॅमेरा पुढे करू नये.

तवसाळहून जयगड, मग केशवसुतांचे मालगुंड, तिथून गणपतीपुळे आणि रत्नागिरी. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आहे आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडाही. 1885 मध्ये राज्य गमावलेला हा राजा 1916 मध्ये इथेच वारला. राजापूरच्या वाटेवर कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत आता वाळून गेलेले असते, म्हणून ती या दिवसांत नीट दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात जा आणि रेषांवर पाय देऊ नका. जांभ्यातल्या त्या रेषा फार उथळ आहेत.

देवगडला आंबा घ्यायचा तर बागायतदाराकडून घ्या. पाडव्यापूर्वीचा हापूस महागच असतो. मालवणचा सिंधुदुर्ग, पायाभरणी 1664, आणि डच वखारीचे वेंगुर्ले हे शेवटचे टप्पे. तिथून परतताना सावंतवाडी-आंबोली घाटाने वर चढावे.

जेट्टीच्या शेवटच्या फेरीची वेळ दर ठिकाणी आदल्या दिवशी विचारून ठेवा. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरा. दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर जाऊ नका. आणि नवे पंचांग हाती आले की फाल्गुन वद्य चतुर्थीवर खूण करून वेळासच्या घरमालकांना फोन करा. तिथल्या खोल्या थोड्या आहेत.